योहानाच्या हातातली वाटी: चित्रकारांची चूक?

तलावपाळीकर: मासुंदा तलावाजवळच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चवरच्या पोस्टखाली एकानं लिहिलंय, 'योहान यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा देताना वाटीनं पाणी ओततो अशी सगळी चित्रं खोटी, येशूला पाण्यात पूर्ण बुडवलं होतं.' हे पटत नाही. शुभवर्तमानात तो पाण्यातून वर आला एवढंच आहे. घोटाभर पाण्यातूनही माणूस वर येतो. दिदाखे या आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत तर पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असं स्पष्ट सांगितलंय.

नौपाडा_७२: ती सोय अडचणीपुरती. यार्देनेत कसली अडचण? इटलीतल्या राव्हेन्नाच्या आरियन बाप्टिस्ट्रीत (बाप्तिस्म्याच्या वास्तूत) छतावरच्या चित्रात येशू कमरेएवढ्या पाण्यात आहे, योहानाचा हात थेट डोक्यावर. वाटी नाही.

तलावपाळीकर: तिथल्याच निओनियन बाप्टिस्ट्रीत वाटी आहे!

वाशीकर: ती १९व्या शतकातल्या दुरुस्तीतली. हा पुरावा कृपया पुन्हा देऊ नका.

नौपाडा_७२: इटालियन चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्रही घ्या. वाटी आहे, पण चेहरे हिरवट, आजारी.

वाशीकर: तो दोष पिएरोचा नाही! टेम्पेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात, कातडीखाली आधी हिरव्या मातीचा थर देतात, वर पातळ गुलाबी. गुलाबी विरला की हिरवा वर येतो. जोत्तोच्या भित्तिचित्रांतल्या निळ्याचं दुखणं वेगळं: ॲझुराइट हा निळा खनिज रंग ओल्या चुन्यात टिकत नाही, म्हणून गिलावा वाळल्यावर सरसासारख्या चिकट पदार्थात कालवून लावतात. दमटपणात पोपडे निघतात ते याच निळ्याचे.

घोडबंदर_रोड: मग भिंतीवर थेट ऑइलपेंट मारा, प्रश्न मिटला.

वाशीकर: अजिबात नको! ठाण्याच्या पावसात भिंत ओल धरते. ऑइलपेंटची साय ती बाहेर पडू देत नाही, मागे लोणा साठतो आणि रंग फुगून सुटतो. आधी गळती बंद करा, एक उन्हाळा भिंत वाळू द्या, चुन्याचा गिलावा करा. नाहीतर कॅनव्हासवर काढा आणि भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून टांगा.

नौपाडा_७२: भिंतीचा धागा वेगळा काढा! इथं प्रश्न वाटीचा आहे.

तलावपाळीकर: निओनियन सोडा. फ्लोरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये चित्रकार मसाच्चोनं नदीत गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर येशूचा शिष्य पेत्र पाणी ओतताना दाखवलाय. नदीही आहे, ओतणंही आहे. दोन्ही एकत्र बसतात.

नौपाडा_७२: १४२५च्या सुमाराचं चित्र पहिल्या शतकाचा साक्षीदार कसं होईल? फ्लोरेन्सच्या लोकांना जो विधी ओळखीचा होता तो त्यानं काढला. 'खोटी' हा शब्द जास्त झाला, एवढं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही.

तलावपाळीकर: माझा आक्षेप त्या शब्दालाच होता.