भाची 17 ची, भांडणात ब्लेड चालवलं, 109 लागलंय, पुढे काय होतं?

सातारची मावशी:
नमस्कार, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. माझ्या बहिणीची मुलगी, बारावीला आहे, 18 व्हायला अजून पाच महिने आहेत. परवा एसटी स्टँडच्या मागे तिचं आणि क्लासमधल्या एका मुलीचं भांडण झालं, कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल, इन्स्टावरची एक कमेंट. भाचीच्या बरोबर अजून दोघी होत्या, आधी केस ओढाओढी, मग हिने कंपासमधलं ब्लेड काढलं. त्या मुलीच्या गालापासून कानापर्यंत 7 टाके आहेत. पोलिसांनी 109 लावलंय, म्हणजे जुनं 307, खुनाचा प्रयत्न. कालपासून भाची मुलींच्या निरीक्षणगृहात आहे. दाजी म्हणतात मुलगी आहे, सोडतीलच, आणि गल्लीत एकजण म्हणाला की आता 16 च्या वरच्यांना मोठ्यांच्या कोर्टात नेतात आणि जन्मठेप पण होते. खरं काय? ताईने कालपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.

वकील बारामती:
ताई, आधी श्वास घ्या. दोघंही अर्धवट सांगतायत. 16 ते 18 मधल्याला मोठ्यांसारखं चालवायचं का हा प्रश्न 2015 च्या बाल न्याय कायद्यात फक्त अशा गुन्ह्यांना येतो ज्यात शिक्षा किमान 7 वर्षं आहे, त्याला आम्ही हीनस म्हणतो. 109 मध्ये इजा झाली तर वर जन्मठेपेपर्यंत जातं पण खाली किमान काही नाही. असे गुन्हे हीनस धरायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय आणि पुढे 2021 च्या दुरुस्तीत कायद्यातच तसं आलं. म्हणजे फक्त 109 असेल तर केस बाल न्याय मंडळातच चालणार. तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक बसतात, त्यातली एक तरी बाई असते. समुपदेशन, समाजसेवा, आईबापाला दंड, देखरेखीखाली घरी, यापैकी काहीही देऊ शकतात आणि जास्तीत जास्त 3 वर्षं विशेष गृह.
दहावीचं सर्टिफिकेट घेऊन जा, वय त्यावरच धरतात. जामिनाचा अर्ज लगेच टाका, बालकाला जामीन देणं हाच नियम आहे, नाकारायला कारण लिहावं लागतं. आणि दाजींना सांगा, मुलगी म्हणून इथे वेगळं काही नाही. तसं होतं ते 1986 च्या कायद्यात, मुलगी 18 पर्यंत बाल आणि मुलगा 16 पर्यंतच, 2000 मध्ये दोघांना 18 झालं.
अजून एक, भांडणाचा व्हिडिओ फिरत असेल तर कुणीही फॉरवर्ड करू नका. बालकाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

रंकाळाकर:
"मुलगी आहे, सोडतील" वाचून आमच्या कोल्हापूरची केस आठवली. तुमच्या भाचीशी तुलना नाही हं ताई, कृपया तसं घेऊ नका. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. 1996 ला पकडल्या तेव्हा दोघी बहिणी विशीत होत्या. सुरुवात पाकीटमारीपासून. एकदा देवळात चोरी करताना रेणुका सापडली, कडेवर तिचं पोर होतं, लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल म्हणून लोकांनी सोडून दिलं, आणि तिथून यांना कल्पना सुचली की मूल जवळ असलं की कोण संशय घेत नाही. मग लोकांची मुलं पळवायची, गर्दीत वापरायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. म्हणजे "बाई असं करेल का" हेच त्यांचं भांडवल होतं. आई 1997 ला कोठडीतच वारली, बहिणींची फाशी सुप्रीम कोर्टाने 2006 ला कायम केली, दयेचा अर्ज 2014 ला फेटाळला गेला, आणि त्या अर्जाचा निकाल द्यायला सरकारने इतकी वर्षं घालवली म्हणून हायकोर्टाने जानेवारी 2022 मध्ये ती जन्मठेप केली. तेव्हा आमच्याकडे आया जत्रेत पोरांची मनगटं सोडायच्या नाहीत, माझ्या आईने तर माझ्या हाताला रुमालाची गाठ मारली होती.

शिवणक्लासवाली:
वरचं वाचून ताई घाबरतील हो, जरा दमानं घ्या. मी अशाच एका मुलींच्या गृहात दोन वर्षं शिवण शिकवायला जात होते. सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, कात्री फक्त माझ्या कमरेला. एक पोरगी होती, सावत्र बापाच्या डोक्यात वरवंटा घातलेला, इतकी बारीक टीप घालायची की उसवायला जीव होत नव्हता, आणि रात्री लाईट बंद केला की ओरडायची. तिने वरवंटा का उचलला ते पहिले चार महिने कुणी विचारलंच नाही, सगळे नुसतं "पोरीची जात आणि एवढा राग" म्हणत बसलेले. भेटीला जाल तेव्हा तिला रागावू नका आणि लाडही करू नका. ब्लेड कंपासमध्ये कशाला होतं, एवढं विचारा. पेन्सिलीला असेल तर असेल, पण माझ्याकडच्या दोघींकडे ते आधी स्वतःच्या हातावर चालवायला असायचं. बाह्या वर करून बघा.

कमी साखर:
सगळे भाचीबद्दल बोलताय, त्या दुसऱ्या मुलीचं काय? 7 टाके, गालावर, बारावीच्या वर्षात. तिच्या घरी कोण गेलंय का? आणि मुलाने ब्लेड मारलं असतं तर इथे निम्मे लोक धिंड काढा म्हणाले असते.

वकील बारामती:
कमी साखर, मुद्दा बरोबर आहे, पण घरच्यांनी आत्ता एकदम तिकडे जाऊ नये, दबाव आणला असा अर्थ निघतो. जायचंच तर वकिलाला विचारून. औषधाचा खर्च देऊ असं मंडळासमोर सांगता येतं.

सातारची मावशी:
सगळ्यांचे आभार. जामिनाची तारीख सोमवारची मिळाली. दाखला सापडला. आज भेटायला गेलो होतो, ताई काहीच बोलली नाही, मीच विचारलं. बाह्या लांब होत्या. वर केल्या. डाव्या हातावर आहेत, जुन्या, ओळीने. ताईला अजून सांगितलेलं नाही, समुपदेशक मॅडमना सांगून आलेय.