पलूसच्या मुलीनं समुद्री माशांवर संशोधन करायचं म्हणजे नक्की काय?

पलूसचा_दादा
बहीण बारावीला आहे, बायो घेतलंय. घरचे म्हणत्यात ॲग्री कर, आणि ही व्हिडिओ बघून अडून बसलीय की समुद्रातला मासा संपू नये म्हणून किती पकडायचा हे काढणारे शास्त्रज्ञ असतात, मला त्यातच जायचंय. आता आमच्याकडं पाणी म्हणजे कृष्णा आणि येरळा, मासा म्हणजे रोहू-कटला, ते पण घरात शिजत नाही कारण आजी-आजोबा माळकरी. कुणी या लाईनमध्ये आहे का? काम काय असतं, आणि कायम बोटीवर राहावं लागतं का? आईला टेन्शन त्या बोटीचंच आहे.

खाडीकाठ
मी मूळचा मिरजेचा, बरीच वर्षं याच कामात, सध्या रत्नागिरीकडं. आईला सांगा बोटीवर फार कमी जावं लागतं, खरं काम बंदरावर. मिरकरवाड्याला बोट लागली की लिलावाच्या आत नमुना घ्यायचा असतो आणि तिथं कुणाला तुमच्या संशोधनाचं पडलेलं नसतं, तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या झोपेला आलेला, व्यापारी घाईत, बर्फाचं पाणी तुमच्या बुटात. एकेक बांगडा पट्टीवर ठेवायचा, मिलिमीटरमध्ये लांबी, वजन, मग पोट फाडून गाबोळी म्हणजे अंडी कितपत भरलीत ते बघायचं. हे महिनोनमहिने.

कारण समुद्रातला मासा कुणाला मोजता येत नाही. लांबीवरनं वय, वयावरनं वाढ आणि मर, त्यावरनं साठा, असं उलटं जायचं. माशाच्या कानात खडा असतो, ओटोलिथ, थंड पाण्यातल्या माशात त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं दिसतात. आपलं पाणी बारा महिने उबदार, वलयं धड उमटत नाहीत, मग रोजच्या बारीक रेषा मायक्रोस्कोपखाली मोजा नाहीतर लांब्यांचे आलेख लावून कुठली पिढी कधीची ते शोधा. मूळ गणित बेव्हर्टन आणि होल्ट यांचं, १९५७ चं, आणि लांबीवरनं वाढ काढायचं तंत्र डॅनियल पॉलींनी उष्ण कटिबंधासाठी सोपं केलं ते १९८० च्या दशकात. म्हणून बहिणीला सांगा स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, पोहता नाही आलं तरी चालतंय.

आणि एका फेरीला किती मासा मिळाला हा आकडा लई फसवा. मासा कमी झाला की तो उतरायला पाहिजे, पण दरम्यान इंजिन मोठं होतं, जीपीएस येतो, पाण्याखालचा मासा हुडकणारं सोनार यंत्र येतं. त्यात बांगडा-तारली थव्यानं फिरणारे, पर्ससीनवाला, म्हणजे गोल वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याचा, थवा हुडकून घेरतो, म्हणजे थवे निम्मे झाले तरी त्याचं जाळं भरूनच येणार आणि कागदावर सगळं आलबेल.

तासगावकर_७७
मोजून उपयोग काय पण? केरळात तारली गायब झाली तेव्हा शास्त्रज्ञ काय करत होते? आणि सरकार ऐकतंय होय कुणाचं. मुलीचं आयुष्य आहे हो, ॲग्री बरं.

खाडीकाठ
केरळात २०१२ ला तारली चार लाख टनांच्या घरात होती, २०२१ ला साडेतीन हजारांच्याही खाली, बरोबर. पण ती नुसती जाळ्यानं गेली नाही, एल निनो होता, पाणी तापलं, आणि त्यातला मासेमारीचा वाटा किती हे सोडवणं हेच तर काम आहे. ऐकण्याचं म्हणाल तर पर्ससीनवर सरकारच्या सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा, त्यावर मर्यादा घालणारा आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ ला, आणि त्यानंतरही समुद्रात काय चालतं ते कोकणात कुणालाही विचारा. याबाबतीत तुमचं खरं आहे. पण २०२३ ला महाराष्ट्रानं ५४ जातींना किमान लांबी ठरवली, पापलेट १३५ मिलिमीटरच्या आतलं पकडायचं नाही, ते मंत्रालयात बसून कुणाला सुचलेलं नाही. मासा पहिल्यांदा गाबोळी धरतो ती लांबी सीएमएफआरआयच्या, म्हणजे केंद्राच्या सागरी मासे संशोधन संस्थेच्या लोकांनी अशीच पोटं फाडून काढली.

पलूसचा_दादा
भारी माहिती दिलीत. ॲडमिशनचं पण सांगा कुणीतरी. आणि आजोबा म्हणत्यात माळकऱ्याच्या घरातली पोर मासे चिरणार व्हय.

पाटणची_पोरगी
दादा मी शिरगावला, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात बीएफएससी म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी करतीय, चार वर्षांचा कोर्स, दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली येतो. पुढं एमएफएससीला फिशरीज रिसोर्स मॅनेजमेंट घ्यायचं, त्यासाठी मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई ही केंद्राची मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि मग पीएचडी. शास्त्रज्ञाची भरती एएसआरबी म्हणजे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाच्या परीक्षेतनं, जागा थोड्या निघतात, तोपर्यंत बरेच सिनियर प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टनं काम करत्यात, हे आधीच घरी सांगून ठेवा, नंतर भांडणं नकोत. अगदीच नाही जमलं तर मत्स्य विभाग, बँका, कोळंबीवाल्या कंपन्या आहेत.
आमच्या घरी पण माळ आहे, मी अजून मासा खाल्लेला नाही. वर्गात अशी मी एकटी नाही. फक्त प्रॅक्टिकलचा ॲप्रन घरी धुवायला आणू नको म्हणावं, आमच्याकडं त्यावरनं महाभारत झालंय. सीईटीचा फॉर्म ॲग्रीचाच असतो, बीएफएससी त्याच यादीत खाली सापडेल.