रि: रि: शनिवारची हॅलोविन अंडी, कोणाला धड सोलता येतात??

मंडळी, काल ट्रायल घेतली आणि कपाळाला हात लावला. डझनभर उकडली, चमच्याच्या पाठीने हलके तडे दिले, काळ्या फूडकलरच्या पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, सकाळी सोलायला बसले तर टरफलाबरोबर पांढरंही निघून येतंय नि तड्यांतून रंग उतरून पांढऱ्यावर उमटायला हवं ते कोळ्याचं जाळं नेमकं त्या आतल्या पापुद्र्यावरच राहतंय!! बारातली तीन धड निघाली, शनिवारी साठ हवीत. अंडी तर एकदम ताजी आहेत हो, नानांच्या ओळखीच्या फार्मवरची, परवाची.
– ताई (फूड कमिटी)

अंड्यांना नावं ठेवू नका. गणपतीत खवट निघाले ते नारळपण मी आणले नव्हते, एकदाचं लिहून ठेवा कुठेतरी.
– नाना

नाना, नावं नाही ठेवत, पण ताजी हाच घोळ आहे. ताज्या अंड्याचं पांढरं पापुद्र्याला चिकटून बसतं, आठ-दहा दिवस गेले की सुटतं. ताई, दुकानातली आणा, खोक्यावर तीन आकडी नंबर असतो तो पॅकिंगचा दिवस, वर्षातला कितवा ते, २८५ म्हणजे १२ ऑक्टोबर. आणि गार पाण्यापासून चढवू नका, पाणी खळखळल्यावर अंडी सोडा, ११-१२ मिनिटं, की लगेच बर्फात. जास्त उकडलं तर बलकाला हिरवट कडा येते, ती हॅलोविनला चालेल म्हणा.
– बंटीची आई

एवढं कशाला? इन्स्टंट पॉट, विजेचा प्रेशर कुकर. ५ मिनिटं प्रेशर, ५ तसंच, ५ बर्फात. पोरसुद्धा सोलेल.
– आप्पा

मंडळाचा इन्स्टंट पॉट आहे कोणाकडे पण? मोदकांनंतर मी तो पाहिलेला नाही.
– खजिनदार

शनिवार १ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी. हॉल बुक करताना कॅलेंडर बघितलं नाही का कोणी? मी तरी अंडं खाणार नाही.
– माई

माई, पंढरपूरला रविवारी आहे 🙂
– आप्पा

ते पंढरपूरला. इथे अमेरिकेत शनिवारीच. मी साबुदाणा वडे आणते, वरचा कोळी काळ्या ऑलिव्हचा करणार होते पण उपासाला ऑलिव्ह चालतं का?
– माई

ऑलिव्ह अंड्यांसाठी मोजून आणलेत, अर्धं कोळ्याच्या पोटाला, उरलेल्या अर्ध्याच्या चकत्या पायांना. माई, तुम्ही बेदाणे लावा. बंटीच्या आईचं ऐकून पाच डझन जुनी आणली, सहा करून बघितली, सहाही सुटली, जाळं सुरेख!! आता एकच, लाल-जांभळ्या कोबीच्या पाण्यात सोललेलं अंडं ठेवलं तर निळं-हिरवं होतं, तेवढी डझनभर मुलांसाठी करते. अंड्यात परत भरायच्या बलकात मोहरीऐवजी कोथिंबिरीची चटणी घालू का? आणि हॉलच्या फ्रीजची किल्ली कोणाकडे? दोन तासांवर बाहेर ठेवणार नाही मी.
– ताई

चटणी नको. मुलं खात नाहीत. मागच्या वर्षी माझ्याच डब्यात परत आली होती.
– बंटीची आई

किल्ली माझ्याकडे. फार्मवाल्या अंड्यांचे पैसे कोण देणार ते आधी सांगा.
– नाना