कोरोना लसीचा दुसरा डोस घेता येत नाही, मंगल कार्यालयात कोणाचा दाखला चालेल? (कोल्हापूर, मार्च २०२२)

मंडळी, मदत हवी आहे. २७ मार्चला राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात भाचीचा साखरपुडा आहे. दोन्ही डोस नसतील तर आत सोडणार नाही, असं व्यवस्थापक म्हणतात. आईचा (वय ६८) एकच डोस झालाय. कोव्हिशिल्ड घेतल्यावर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसरा डोस द्यायचा नाही, असं फॅमिली डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलंय. आम्ही लसीच्या विरोधातले नाही, घरात बाकी सगळ्यांचे दोन्ही झालेत.

राज्य सरकारच्या १ मार्च २०२२ च्या आदेशात कोल्हापूर 'अ' यादीत आलं, निर्बंध बरेच सैल झाले, पण पूर्ण लसीकरणाची अट राहिली. मात्र २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात, वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल आणि मान्यताप्राप्त डॉक्टरचं प्रमाणपत्र असेल, तर ती व्यक्ती पूर्ण लसीकरण झालेल्यांतच धरली आहे. त्याची प्रत दाखवली. "ते जुनं झालं, सीपीआरचा दाखला आणा," एवढंच उत्तर (सीपीआर म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय). आरटीपीसीआर करून आणतो म्हटलं, तेही नको. आस्थापनेला दहा हजारांचा दंड आहे, त्यामुळे त्यांची भीती मला समजते. पण ज्यांना लस झेपतच नाही त्यांना असं दाराबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

कार्यालय आता बदलता येणार नाही आणि आईशिवाय कार्यक्रम करायचा नाही.

खासगी एमबीबीएस डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं, की सरकारी दवाखान्याचाच दाखला लागतो? सीपीआरमध्ये असा दाखला कुणी अलीकडे काढला असेल, तर कुठल्या विभागात आणि कोणती कागदपत्रं घेऊन जायचं?