युद्धग्रस्त देशांतल्या मुलांना शालेय साहित्य : सैनिकांच्या हातून द्यावं का?

टपालहंशील (धागाकर्ता)

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या आपल्या जवानांमार्फत दक्षिण सुदान किंवा लेबनॉनमधल्या शाळांना वह्या-पेन्सिली पाठवाव्यात, अशी कल्पना अधूनमधून निघते आणि लगेच दोन तट पडतात. माझं मत : पाठवाव्यात. आधार इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकी अनुभवाचा देतो, कारण या प्रकाराचे भलेबुरे प्रयोग सगळ्यात जास्त तिथेच झाले.

अभिनेता गॅरी सिनीस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'ऑपरेशन इराकी चिल्ड्रन' सुरू केलं. तत्त्व एकच : एका मुलाला एक पूर्ण संच. झिपच्या एका मोठ्या प्लास्टिक पिशवीत वही, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, पट्टी, बोथट टोकाची कात्री, रंगीत पेन्सिली. सुटं सामान पाठवलं की एकाला सहा पट्ट्या आणि दुसऱ्याला नुसतं रबर, असं होतं. संचामुळे ते टळतं.

सैनिकच का? एक म्हणजे टपाल. अमेरिकी लष्करी टपालाच्या पत्त्यावर पार्सल देशांतर्गत दरानं जातं. तेव्हा तळ बगदादजवळ असो की कंदाहारला, दर तोच होता. त्यासाठीचा ठरावीक दराचा मोठा खोका १२ × १२ × साडेपाच इंचांचा, वजनमर्यादा ७० पौंड. त्यात जाड पुठ्ठ्याच्या शंभर पानी वह्यांचा एकच ढीग बसतो, म्हणजे दहा-अकरा. बाजूच्या फटीत पेन्सिली आणि रबरं. पत्ता नावानिशी हवा, कारण २००१ मध्ये अँथ्रॅक्स रोगाचे जंतू घातलेली पत्रं आल्यानंतर 'कोणत्याही सैनिकास' अशा पत्त्यावर पाठवायची सोय बंद झाली. कस्टमच्या फॉर्मवर 'शालेय साहित्य' एवढंच लिहून भागत नाही, 'पेन्सिली ७२, वह्या १०' असं लिहावं लागतं.

दुसरं म्हणजे पोच. ज्या जिल्ह्यात मदत संस्थेची गाडी जात नाही, तिथे गस्त जाते. शाळेत मुलं किती आणि छप्पर आहे की नाही, हे त्या तुकडीला माहीत असतं.

काय पाठवू नये तेही सांगतो. मेणाचे खडू : इराकच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, कंटेनरमध्ये त्याहून जास्त, आणि अख्ख्या खोक्याचा लगदा होतो. द्रव गोंद : विमानात गळतो. भोकं पाडलेले सुटे कागद : फाईल नसेल तर दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर.

---

रेघोटी

खोक्याची मापं चोख आहेत, पण खोका उघडतो तिथे काय होतं त्याबद्दल अक्षरही नाही.

३० सप्टेंबर २००४, बगदाद. सांडपाणी प्रकल्पाच्या उद्घाटनाला अमेरिकी सैनिक गोळ्या-चॉकलेट वाटत होते. मुलं भोवती जमली आणि गाड्यांतले बॉम्ब फुटले. ३० हून अधिक मुलं गेली. १३ जुलै २००५, पुन्हा बगदाद, पुन्हा खाऊ वाटणारे सैनिक, पुन्हा गाडीतला बॉम्ब. २० हून अधिक लोक गेले, त्यात बहुतेक मुलं. गणवेशातला माणूस हे लक्ष्य असतं. त्याच्याभोवती मुलं गोळा करणारी कुठलीही योजना, मग तिच्यात चॉकलेट असो की शार्पनर, त्या मुलांना लक्ष्याच्या अंगणात उभं करते.

दुसरा मुद्दा फारसा बोलला जात नाही. २००४ मध्ये दक्षिण अफगाणिस्तानात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या फौजांनी पत्रकं वाटली : मदत चालू राहायला हवी असेल तर तालिबान आणि अल कायदाची माहिती द्या. 'मेदसां सां फ्रंतिए' या डॉक्टरांच्या संघटनेनं जाहीर निषेध केला. त्याच वर्षी जूनमध्ये बादघीस प्रांतात त्यांचे पाच लोक मारले गेले आणि पुढच्याच महिन्यात संघटनेनं देश सोडायचा निर्णय जाहीर केला. २४ वर्षं तिथे टिकलेले लोक होते हे. ते एका पत्रकामुळे मेले असं मी म्हणत नाही. पण मदत देणारा आणि बंदूकवाला यांच्यातली रेघ पुसली की त्याची किंमत गणवेश नसलेल्यांनी मोजायची असते.

अमेरिकी लष्करात कमांडरला खर्चासाठी जो निधी मिळे त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेचं नाव माहीत आहे? 'मनी ॲज अ वेपन्स सिस्टिम'. पैसा, एक शस्त्रप्रणाली. मग त्यातून आलेली वही काय झाली?

---

सोनचाफा

रेघोटीताईंशी सहमत. फोटो हा एक मुद्दा राहिला. मूल, वही आणि हेल्मेट एका चौकटीत आलं की तो फोटो इंटरनेटवर जातोच. गावात रात्री शबनामा, म्हणजे धमकीचं पत्रक, दारावर चिकटतं तेव्हा त्या फोटोतल्या मुलाच्या बापाला कोण वाचवणार?

---

टपालहंशील

@रेघोटी, बगदादच्या दोन्ही घटनांत रस्त्यावरची गर्दी हे कारण होतं. साहित्य मुख्याध्यापकाच्या खोलीत उतरवून, पावती घेऊन तुकडी निघून गेली तर गर्दीच होत नाही. धावत्या ताफ्यातून फेकायला तर बंदीच हवी, मुलं चाकाखाली येतात. दोष वाटायच्या पद्धतीचा आहे, त्यासाठी अख्खा मार्ग का बंद करायचा?

---

हिशेबनीस

मला नैतिक बाजूपेक्षा आकड्यांची बाजू आधी दिसते.

३०० मुलांची शाळा धरा. मुलाला चार वह्या म्हणजे १२०० वह्या. २०० पानी लाँगबुक पाव किलोच्या आसपास भरतं, म्हणजे नुसत्या वह्या ३०० किलो. वरच्या खोक्यात दहा-अकरा जातात, तेव्हा शंभरच्या वर खोके, प्रत्येकावर वेगळं टपाल. भारतातून पाठवायचं तर लष्करी टपालाची ती सवलत तुम्हाला नाही. भेट म्हणून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा माल निर्यात करता येतो खरा, पण विमानभाडं वह्यांच्या किमतीच्या कितीतरी पट होईल.

आणि वही काही काबूलला न मिळणारी वस्तू नव्हे. काबूल, जलालाबादच्या बाजारात पाकिस्तान-इराणचा माल असतो, दुकानदार तिथलाच असतो, आणि त्याच्याही घरात शाळेत जाणारी पोरं असतात. तुमचे शंभर खोके फुकट उतरले की त्या हंगामात त्याचा माल पडून राहतो.

भारत सरकारनं अफगाणिस्तानात काय केलं ते बघा. १० लाख टन गहू देऊ केला होता. त्यातल्या काही भागाची उच्च प्रथिनांची बिस्किटं करून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत शाळांत गेली. सुमारे २० लाख मुलांना रोज १०० ग्रॅम. एकाही बिस्किटाला सैनिकाचा हात लागायची गरज पडली नाही. मूल शाळेत यायला वहीपेक्षा ही १०० ग्रॅम जास्त कामाची, असं माझं मत आहे. त्यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

---

अटलांटिकपल्याड

हिशेब पटला, पण दुकानदाराचा मुद्दा ताणलेला वाटतो. आडगावातल्या एका शाळेला ३०० संच आल्यानं बाजार कोसळत नाही. मुळात तिथे बाजार आठवड्यातून एकदा भरतो.

---

खडूफळा

दोन्ही बाजू वस्तू मोजताहेत, शाळा कशी चालते ते कुणी बघत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

*वेळापत्रक.* अफगाणिस्तानात दोन वेगवेगळी शैक्षणिक वर्षं चालतात. काबूलसारख्या थंड भागात मार्चमध्ये सुरू होऊन हिवाळ्यात लांब सुट्टी, कंदाहार-जलालाबादसारख्या उष्ण भागात सप्टेंबरपासून आणि सुट्टी उन्हाळ्यात. नाताळच्या उत्साहात जमवलेलं साहित्य जानेवारीत काबूलला पोचलं तर शाळेला कुलूप. तीन महिने ते कुठल्या तरी ओल्या खोलीत पडतं, उंदीर पुठ्ठे खातात, आणि मार्चपर्यंत निम्मं 'कमी भरतं'.

*संख्या.* पटावर ३०० असतील तर ४० संच घेऊन जाऊच नये. मारामाऱ्या होतात, आणि त्यात मुली, लहान वर्ग, अपंग मुलं नेहमी रिकाम्या हातानं जातात. पट अधिक दहा टक्के, नाहीतर एकही नाही. एकाच इमारतीत दोन-तीन पाळ्या भरतात हेही विचारून घ्यावं. सकाळच्या पाळीला मिळालं आणि मुलींची पाळी दुपारची होती, हा अगदी नेहमीचा घोळ. मुलींचे संच शिक्षिकेच्या हाती वर्गात द्यायचे, फाटकावर दिले तर कोपरा ओलांडायच्या आत भाऊबंद हिसकावून घेतात.

*वही.* पश्तो, दरी, अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. आपल्याकडची वा अमेरिकेतली वही डावीकडे बांधलेली, समासही डावीकडे. मूल ती मागून उघडून वापरतं, अडत नाही, म्हणून समासाचा बाऊ करायला नको. पण स्पायरलची टाळा, तार उसवते आणि दप्तर नसलेल्या मुलाच्या काखेत टोचते. चाररेघी ही इंग्रजी अक्षरांसाठीची वही, तिथे पूर्ण निरुपयोगी. एकरेघी आणि गणिताला चौकटीची द्या, शिवलेली.

*पेन्सिल.* बाराला एक शार्पनर असा हिशेब लोक करतात. प्लास्टिकचं स्वस्त शार्पनर दोन-तीन पेन्सिलींत बोथट होतं. मग मुलं ब्लेडनं टोक काढतात. धातूचं द्या. हलक्या पेन्सिलीचं शिसं आतून तुटलेलं असतं, टोक काढाल तितक्या वेळा गळून पडतं.

*चित्रं.* कव्हरवर डुक्कर किंवा क्रूस नको, झेंडा तर कुठलाच नको. ऑगस्ट २००७ मध्ये खोस्तमध्ये अमेरिकी सैन्यानं हेलिकॉप्टरमधून मुलांसाठी फुटबॉल टाकले. त्यावर वेगवेगळ्या देशांचे झेंडे होते, त्यात सौदीचा, आणि सौदी झेंड्यावर कलमा असतो. अल्लाचं नाव असलेली वस्तू लाथाडायची! लोक निदर्शनं करायला रस्त्यावर आले, सैन्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हेतू चांगलाच होता.

*शिक्षक.* यांना सगळे विसरतात. खडू, डस्टर, हजेरीपट, फळ्याचा काळा रंग. एक डबा रंग आणि खडूच्या काही पेट्या यांनी जे होतं ते ३०० पिशव्यांनी होत नाही. युनिसेफची 'स्कूल-इन-अ-बॉक्स' पेटी म्हणूनच हुशारीची : एक शिक्षक आणि ४० मुलं असा हिशेब, आत लाकडी घड्याळ, मोजायचे ठोकळे, वह्या, पेन्सिली, आणि पेटीच्या झाकणाला रंग लावला की तोच फळा. झाडाखालीसुद्धा शाळा भरते.

सैनिक की संस्था या वादात मी संस्थेच्या बाजूची. पण वरचं सगळं न विचारता सामान आणणाऱ्या संस्थाही आहेतच, आणि त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही.

---

टपालहंशील

@खडूफळा, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. स्पायरलचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता.

---

निळी_टोपी

मूळ प्रश्न शांतिसेनेचा होता, सगळे अफगाणिस्तानात जाऊन बसलेत.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत यावर लिखित नियम आहेत. 'ओस्लो मार्गदर्शक तत्त्वं' १९९४ ची, पुढे सुधारली. ती नैसर्गिक आपत्तींसाठीची, युद्धाच्या परिस्थितीसाठी २००३ ची वेगळी आहेत. दोन्हींत लष्करी मदतीचे तीन प्रकार आहेत : प्रत्यक्ष हातात देणं, वाहतुकीसारखी अप्रत्यक्ष मदत, आणि रस्ते-पूल-वीज. लोकांच्या जितकं जवळ जाल तितका लष्कराचा वापर कमी. सैनिकानं मुलाच्या हातात वही देणं हे सगळ्यात शेवटचं पाऊल, दुसरं कुणी पोचू शकत नसेल तेव्हाचं. रेघोटी आणि टपालहंशील यांचा निम्मा वाद या वर्गवारीनं मिटतो. लष्करानं वाहून न्यावं, वाटू नये.

दक्षिण सुदानात हे कसं दिसतं बघा. जोंगलेई आणि अपर नाईल या राज्यांतली जमीन काळी, आपल्या विदर्भातल्या कापसाच्या जमिनीसारखी. पावसाळ्यात ट्रकचा आस चिखलात बुडतो, कित्येक महिने रस्ते बंद. तेव्हा हेलिकॉप्टर, नदीतली बोट आणि अभियंत्यांनी उघडलेला रस्ता यांनाच भाव. भारतीय तुकड्यांनी मलकाल आणि बोरला गुरांवर उपचार करणारी पशुवैद्यकीय पथकं चालवली. जिथे गुरं हीच संपत्ती तिथे ते काम वह्यांहून जास्त लक्षात राहतं, आणि त्यासाठी नागपूर-साताऱ्याहून खोके मागवावे लागत नाहीत.

शाळेसाठी काही करायचंच असेल तर मोहिमेत 'क्विक इम्पॅक्ट प्रोजेक्ट', म्हणजे लवकर फळ देणारी छोटी कामं, असतात, प्रत्येकी ५० हजार डॉलरच्या मर्यादेत. वर्गखोली, संडास, बोअर, बाकं. मागणी स्थानिकांची, काम बहुधा स्थानिक संस्थेचं, मंजुरी मोहिमेच्या समितीची. तुमच्या मंडळाचे खोके या चौकटीत बसत नाहीत. जवानाच्या खासगी सामानातून नेता येतील तितकेच, म्हणजे फार तर पाच-दहा किलो. तेवढ्यासाठी त्याच्या घरच्यांना गळ घालू नका.

आणि शांतिसैनिकाची निळी टोपी म्हणजे तटस्थ, सगळ्यांना मान्य, असं गृहीत धरू नका. डिसेंबर २०१३ मध्ये अकोबोच्या तळावर हल्ला झाला तो आत आसरा घेतलेल्या दिंका जमातीच्या लोकांना मारण्यासाठी, आणि त्यात भारतीय शांतिसैनिक मारले गेले. एका जमातीच्या शाळेला दिलं, नदीपलीकडच्या शाळेला नाही, एवढंसुद्धा तिथे बाजू घेणं ठरतं.

---

रेघोटी

वाहतूक चालेल, पण अट आहे. ट्रकवर संस्थेचं नाव, शाळेत उतरवताना गणवेश नको, फोटो नको. हे मानायला कुठलं लष्कर तयार होतं? ज्या कमांडरला वरिष्ठांना अहवाल पाठवायचाय त्याला फोटो हवाच असतो. तत्त्वं कागदावर छान आहेत.

---

टपालहंशील

@रेघोटी, म्हणजे संस्था पोचत नाही आणि सैनिकानं जायचं नाही. मधल्या दोन-तीन वर्षांत त्या गावच्या मुलांनी करायचं काय? १० वर्षांचं मूल १३ वर्षांचं झालं की पहिलीत बसत नाही. अलिप्ततेचा हा खर्चही मांडा ना.

---

रेघोटी

मांडते. जिथे संस्थेलाही पोचता येत नाही तिथे शाळा बंद असते ती बहुतेकदा शिक्षक पळून गेल्यामुळे किंवा पगार नसल्यामुळे. पेन्सिल नाही म्हणून नव्हे. शिक्षकाचा पगार पोचवा, हवालानं पोचतो, त्याला ताफा लागत नाही.

---

अटलांटिकपल्याड

हवालानं पगार? आणि पावती कोण देणार? देणगीदार तुम्हाला हिशेब विचारतील तेव्हा बघू.

---

पाटीपुस्तक

सगळं वाचलं. एक भाबडा प्रश्न : आमच्या मंडळाकडे २०० वह्या आणि ४० कंपासपेट्या जमल्या आहेत. आता त्यांचं काय करायचं?

---

हिशेबनीस

जवळच्या आश्रमशाळेला विचारा, पट किती ते आधी. युद्धग्रस्त देशांत मदत पाठवायची असेल तर पैसे पाठवा, युनिसेफला किंवा तिथे आधीपासून काम करणाऱ्या कुणाला. कंपासपेट्यांमधलं कर्कटक बघून घ्या, स्वस्त पेटीतल्याचा स्क्रू पहिल्या वर्तुळालाच ढिला होतो.

---

टपालहंशील

असहमत, पण कर्कटकाबद्दल सहमत.