कुत्रं घरात मोकळं सोडून बाहेर जाताना (अनुभव लिहा)

खारी_बिस्कीट
लिफ्टपाशी कुणाची तरी फाटकी उशी पडली होती, कापूस सगळा बाहेर. जुने दिवस आठवले, म्हणून धागा. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) न वापरणाऱ्यांनी लिहा.
पहिल्याच दिवशी अख्खा फ्लॅट देऊ नका. एकच खोली, शक्यतो हॉल. महिनाभर काही फाडलं नाही तर दुसरी. फाडलं तर पुन्हा एका खोलीवर. उघड्या ठेवलेल्या दाराला खाली स्टॉपर हवाच. वाऱ्याने दार आपटलं की कुत्रं आत आणि पाण्याचं भांडं बाहेर.

तिसरा_मजला
किचनला कडी लावा, नुसतं ओढून घेऊ नका. आडवं हँडल लॅब्रेडॉर पंजाने सहज उघडतं. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. ओट्यावरचं काही ओढायला उभं राहिलं की पंजा शेगडीच्या नॉबवर पडतो.
देवघर खाली असेल तर निरंजन विझवून निघा. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक, तोही उचलून ठेवा.

गुळपोळी
डस्टबिन!!! आंब्याची कोय आतड्यात अडकते, ऑपरेशनशिवाय निघत नाही. वेफर्सचं रिकामं पाकीट त्याहून वाईट. तोंड आत घातलं की श्वासाबरोबर प्लास्टिक नाकाला चिकटतं, काही मिनिटांत खेळ खलास. उभं चिरूनच टाकायचं.

सायकलवाला
आमच्याकडे मांजर आहे. घरात मोकळे आम्हीच असतो, तेही तिच्या परवानगीने.

पेरूची_फोड
@सायकलवाला 😂
कुकर लावलाय, पटकन लिहिते. नुकसान कुठे झालंय ते बघा. चपला, उशा, रिमोट म्हणजे कंटाळा किंवा दात येतायत. दाराची चौकट, खिडकीची कड ओरबाडलेली, खाली लाळेचं थारोळं, म्हणजे भीती. दोन्हींवर उपाय वेगळे. आल्यावर ओरडून काही होत नाही, त्याला संबंधच लागत नाही.

मध्यरात्रीचा_चहा
+१. जुना फोन शेल्फवर ठेवून रेकॉर्डिंग लावा. पहिला अर्धा तास सगळं सांगतो. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात (कांदा, फोडणी नको) भरून ४-५ तास फ्रीझरला आणि निघताना द्या. चाटत बसलं तर ठीक. हात न लावता दारापाशी उभं राहिलं आणि तुम्ही आल्यावरच खाल्लं, तर ते घाबरतंय.
मग सराव. किल्ली उचला, चपला घाला, परत सोफ्यावर बसा, दिवसातून १०-१२ वेळा. किल्लीच्या आवाजाला कान हलेनासे झाले की दाराबाहेर ५ सेकंद, ३० सेकंद, २ मिनिटं. रडायच्या आत परत यायचं. रडल्यावर आलात तर वेळ जास्त झाली, पुढच्या खेपेला निम्मी करा. ४० मिनिटं शांत गेली की पुढे भराभर वाढवता येते.

नवा_गडी
पट्टा ठेवायचा की काढायचा? पिल्लू ४ महिन्यांचं, ऑफिस ९ तास.

तिसरा_मजला
काढायचा. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये अडकला की फास बसतो.

खारी_बिस्कीट
पण दार उघडं राहून पळालं तर ओळख काय? सैल होऊन सुटणारा पट्टा मिळतो, त्यावर फोन नंबर.
@नवा_गडी ९ तास अजिबात नाही. वयाचे महिने अधिक १, इतके तास म्हणजे कमाल. तुमचं ५ तासांच्या वर नको, मध्ये कुणीतरी यायलाच हवं. मोठ्यालाही ६-८ तासांवर ताणू नका.

मोगरा_२
कोय गिळलीच तर मिठाचं पाणी पाजतात ना?

गुळपोळी
नाही नाही! मिठाने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. उलटीही काढू नका, कोय अन्ननलिकेत अडकते. सरळ डॉक्टर.
हापूस संपला का हो तुमच्याकडे?

मोगरा_२
पायरी चालू आहे. कोयी आता वरच्या माळ्यावर 😐

पेरूची_फोड
माळ्यावर झुरळं होतील गं! फ्रीझरमध्ये ठेव, कचरेवाला आला की दे. शिट्टी झाली, पळते.