जुन्या क्राइम पिक्चरमधे गोंयकार म्हणजे फक्त टोनी नि मारिया?

डिचोलीकर:
काल रात्री 'जाल' बघितला, १९५२चा, गुरु दत्तचा. देव आनंद टोनी, गीता बाली मारिया, समुद्र, चर्च, सोन्याची स्मगलिंग. शेजारची आंटी सान्नां (आपली गोव्याची इडली) द्यायला आलेली ती पण बसली, दहा मिंटं बघून म्हणते, नुस्तेकारांच्या, म्हणजे मासेवाल्यांच्या पोरीचे केस खारट वाऱ्यात असे सेट राहतात काय रे, एकदा दर्यावर जाऊन बघ म्हणावं त्यांना. मला हसू आलं पण मग डोक्यात तेच फिरायला लागलं. त्या काळच्या क्राइम पिक्चरमधे ख्रिश्चन म्हणजे एकतर स्मगलर, नायतर क्लबात नाचणारी, नायतर बाटली घेऊन डुलणारा. आणि आमच्यासारखे हिंदू गोंयकार तर कुठं दिसतच नाहीत. कोणी बरं दाखवलंय काय?

रापणकार:
अरे तेव्हा गोवा परदेशच ना, १९६१पर्यंत पोर्तुगीज. इकडं दारू खुली, तिकडं मुंबईत १९४९चा दारूबंदी कायदा, आणि सोनं यायचं ते गोवा-दमणवरनं. म्हणजे स्टोरीवाल्याला आयतं मिळालं, गळ्यात क्रॉस घातला की माणूस दोन नंबरचा हे पब्लिकला वेगळं सांगायला नको. पण 'जाल'वर एवढा राग काढू नको. त्यात आख्खा गावच ख्रिश्चन आहे, चांगला पण तोच वाईट पण तोच, आणि एरवी खलनायक असणारा के. एन. सिंग तिथं मारियाचा आंधळा, सज्जन भाऊ. एका सीनपुरता बारमधला जॉनी आणण्यापेक्षा हे लाखपट बरं.

हळदोणेंकार:
तुमी नुसते बघताय, जरा ऐका पण. क्लबचा सीन आला की ट्रंपेट नि सॅक्सोफोन कोण वाजवायचे? आमचेच. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आमच्या हळदोण्याचा, खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ, १९५१च्या 'अलबेला'त तर बँड घेऊन पडद्यावर पण दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा संगीतकार ओ. पी. नय्यरचे अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य कुठं काय वाजवणार ते लिहून देणारे. पोस्टरवर नाव मात्र संगीतकाराचं एकट्याचं, ह्यांचं शोधायला भिंग घेऊन बसा.

आता १९५८चा 'हावडा ब्रिज' घे. मधुबाला एडना, आणि तिचा अंकल जो कोण? आपला धुमाळ! मराठी माणूस. चिनी झालाय मदन पुरी, आणि चिनी ड्रेसात नाचते हेलन, जी जन्मली रंगूनला. हिंदू गोंयकार कुठं म्हणून विचारतोस ना, 'आइये मेहरबाँ' म्हणणारी एडना ज्या गळ्यानं गाते तो गळा आशाबाईंचा, म्हणजे मूळ गोव्यातल्या मंगेशीचं घराणं. घे, सापडला.

बसस्टँडवाला:
हॉलिवूड पण काय वेगळं नाय. त्याच १९५८ला 'टच ऑफ ईव्हिल'मधे गोरा चार्ल्टन हेस्टन तोंड रंगवून मेक्सिकन झालेला. पण पुढच्याच वर्षी काळा गायक-नट हॅरी बेलाफाँटेनं स्वतःच्या कंपनीतनं 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' काढला, तिघं मिळून बँक लुटायला निघतात आणि गोऱ्याला काळ्याचा इतका द्वेष की सगळा प्लॅन त्याच्यापायीच बोंबलतो. तो नक्की बघ.

डिचोलीकर:
आशाबाईंचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. रविवारी आंटीला 'हावडा ब्रिज' लावून देतो, अंकल जो म्हणजे धुमाळ हे आधी सांगणार नाय, बघूया ओळखते काय.